दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवलेली फाइल वाचायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ही फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे’ असा संदेश येतो. त्याचा नेमका अर्थ काय?

विंडोजवर कोणताही प्रोग्राम फाइल उघडतो तेव्हा तो ऑपरेटिंग सिस्टीमला दोन गोष्टी सांगतो. एक, मला या फाइलचं काय करायचं आहे: वाचायची आहे, लिहायची आहे की पुसायची आहे. दुसरी, माझं काम चालू असताना इतरांना काय करू द्यायला माझी हरकत नाही. या दुसऱ्या भागाला शेअर मोड म्हणतात. त्यात तीन परवानग्या असतात: इतरांना वाचू दे, लिहू दे, पुसू किंवा नाव बदलू दे. तिन्ही द्या, एखादीच द्या, नाहीतर एकही देऊ नका. एकही दिली नसेल तर तो प्रोग्राम बंद होईपर्यंत किंवा फाइल सोडेपर्यंत ती दुसऱ्या कुणालाच उघडता येत नाही.

वरचा संदेश येतो तो या अटी जुळल्या नाहीत म्हणून. फाइल बिघडलेली नसते आणि तुमच्या खात्याला अधिकार नाहीत असंही नसतं.

पण मला फक्त वाचायचं आहे. एक अक्षरही बदलायचं नाही. तरी अडवणूक का?

पुष्कळ लोक इथेच अडतात, म्हणून जरा सविस्तर.

अटी दोन्ही बाजूंनी तपासल्या जातात. आधीच्या प्रोग्रामने ‘इतरांना वाचू दे’ म्हटलं असेल तर तुमची वाचण्याची मागणी त्याच्या अटीत बसते. पण तुम्हीही फाइल उघडताना एक अट घालत असता. तुम्ही ‘मी वाचत असताना इतरांनी वाचलं तर चालेल, लिहिलेलं चालणार नाही’ असं म्हणालात आणि समोरच्याने फाइल आधीच लिहिण्यासाठी उघडलेली असेल, तर तुमची अट उघडण्याआधीच मोडलेली असते. सिस्टीम तुम्हाला परत पाठवते. समोरचा प्रोग्राम उदारच होता, आखडता हात तुमचा होता.

गंमत म्हणजे ही अट तुम्ही जाणूनबुजून घातलेलीच नसते. तुमच्या भाषेच्या लायब्ररीने ती परस्पर घातलेली असते. त्यामुळे ‘फाइल लॉक आहे’ म्हणून समोरच्या प्रोग्रामला दोष देण्याआधी आपली फाइल उघडणारी ओळ तपासावी. चालू लॉग फाइल किंवा एक्सेलमध्ये उघडी शीट वाचण्याच्या बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.

डॉटनेटमध्ये कोणती ओळ बदलायची?

‘फाइल.रीडऑलटेक्स्ट’, ‘फाइल.ओपनरीड’, किंवा थेट नाव देऊन केलेला ‘स्ट्रीमरीडर’ हे सगळे आतून ‘फाइलशेअर.रीड’ वापरतात. म्हणजे इतर लिहिणाऱ्यांना मज्जाव. याऐवजी स्वतः ‘फाइलस्ट्रीम’ तयार करा आणि त्याला चार गोष्टी द्या: फाइलचं नाव, ‘फाइलमोड.ओपन’, ‘फाइलॲक्सेस.रीड’ आणि ‘फाइलशेअर.रीडराइट’. मग त्या स्ट्रीमवर ‘स्ट्रीमरीडर’ बसवा. शक्य असेल तर ‘फाइलशेअर.डिलीट’ही जोडा. त्याचं कारण खाली लॉग फाइलच्या प्रश्नात येतं.

‘फाइल.ओपन’ला नुसता मोड देऊन बोलावलं तर ते त्याहून कडक वागतं. तिथे शेअर मोड ‘नन’ असतो.

पायथन, जावा, नोड, गो यांचं काय?

हे मुळातच सैल आहेत. पायथनचं ‘ओपन’ आणि गोचं ‘ओपन’ इतरांना वाचू आणि लिहू देतात. नोड, रस्ट आणि जावाचा नवा ‘फाइल्स’ वर्ग पुसण्याचीही मुभा देतात. त्यामुळे या भाषांमध्ये वाचताना अडवणूक झाली तर बहुधा समोरच्याने खरोखरच दार लावून घेतलेलं असतं.

पायथनची एक अडचण सांगायला हवी. ‘ओपन’ करताना शेअरिंगमुळे अडलं तरी ‘परमिशन एरर, क्रमांक १३’ येतो आणि अधिकार नसले तरीही तोच येतो. सी भाषेची रनटाइम लायब्ररी दोन्ही कारणांना एकच क्रमांक देते. त्यामुळे लोक फोल्डरच्या परवानग्या बदलत बसतात आणि फाइल शेजारच्याच खिडकीत उघडी असते. फाइल पुसताना किंवा नाव बदलताना मात्र पायथन विंडोजचा मूळ क्रमांकही दाखवतो. तो ३२, म्हणजे शेअरिंगची टक्कर, असेल तर संशय मिटला.

सी मध्ये जुनं ‘एफओपन’ उदार आहे, तर सुरक्षित म्हणून सुचवलं जाणारं ‘एफओपन_एस’ फाइल इतरांशी वाटून घेत नाही. कंपायलरची सूचना ऐकून एकाच्या जागी दुसरं टाकलं की काल चालणारा प्रोग्राम आज अडतो, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

एरर क्रमांकांवरून काय ओळखायचं?

५ म्हणजे अधिकार नाहीत. ३२ म्हणजे शेअर मोडची टक्कर, या पानाचा मुख्य विषय. ३३ म्हणजे फाइल उघडली, पण तुम्ही वाचायला गेलात तो बाइटांचा पट्टा कुणीतरी वेगळा लॉक केला आहे. १२२४ म्हणजे फाइल कुणाच्या तरी मेमरीत मॅप केलेली आहे. हा क्रमांक फाइल छोटी करताना किंवा तिच्यावर नव्याने लिहिताना भेटतो, वाचताना नाही.

परतपरत प्रयत्न करण्यात अर्थ असतो तो ३२ आणि ३३ साठी. ५ आल्यावर शंभरदा प्रयत्न केला तरी उत्तर तेच येणार.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं तर वाचता येईल का?

नाही. शेअर मोड अधिकार पाहत नाही. सिस्टीम खात्यालाही तोच नियम लागू होतो. फाइलींच्या प्रती काढणाऱ्या ‘रोबोकॉपी’ या कमांडचा बॅकअप मोडही इथे कामाला येत नाही. तो फाइलच्या परवानग्या ओलांडतो, शेअरिंगची टक्कर ओलांडत नाही. ॲडमिन अधिकार लागतात ते शॅडो कॉपीसाठी, तिच्याबद्दल खाली येतं.

फाइल कुणी धरून ठेवली आहे हे कसं शोधायचं?

विंडोजवर काहीही नवं न बसवता करायचं असेल तर रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयू टॅबवर जा आणि ‘असोसिएटेड हँडल्स’च्या शोधपेटीत फाइलच्या नावाचा तुकडा टाका. कोणत्या प्रोसेसने धरली आहे ते दिसतं.

रोजचं काम असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातलं ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ ठेवाच. त्यात कंट्रोल आणि एफ दाबून नाव शोधता येतं. त्याचंच कमांड लाइनवरचं भावंड म्हणजे ‘हँडल’. मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या संचातलं ‘फाइल लॉकस्मिथ’ उजव्या क्लिकच्या मेनूत बसतं, त्यामुळे ज्यांना कमांड लाइन नको त्यांना ते सोयीचं.

आपल्याच प्रोग्राममधून वापरकर्त्याला ‘अमुक प्रोग्राम बंद करा’ असं सांगायचं असेल तर रीस्टार्ट मॅनेजर नावाचा संच विंडोज व्हिस्टापासून उपलब्ध आहे. सत्र सुरू करायचं, फाइलचं नाव नोंदवायचं, यादी मागायची. इन्स्टॉलर जे ‘हे प्रोग्राम बंद करावे लागतील’ म्हणून दाखवतात ते यातूनच येतं. ‘फाइल वापरात आहे’ एवढंच म्हणून वापरकर्त्याला वाऱ्यावर सोडणाऱ्या प्रोग्रामांना खरं तर सबब उरलेली नाही.

लिनक्स आणि मॅकवर ‘एलएसओएफ’ला फाइलचं नाव द्या. लिनक्सवर ‘फ्यूजर’ आणि ‘एलएसलॉक्स’ही आहेत.

शोधल्यावर उत्तर कधीकधी अनपेक्षित निघतं: एक्सप्लोररचा प्रीव्ह्यू, अँटिव्हायरस, शोधसूची तयार करणारी सेवा किंवा बॅकअप. ही मंडळी काही क्षण फाइल धरतात आणि सोडतात. तुम्ही शोधायला जाईपर्यंत ती निघून गेलेली असतात.

प्रोसेस एक्सप्लोररमध्ये ‘क्लोज हँडल’ असतं. ते दाबू का?

दाबू नका. इथे माझं मत ठाम आहे.

हँडल म्हणजे त्या प्रोसेसपुरता एक क्रमांक. तुम्ही तो बाहेरून बंद केला हे त्या प्रोसेसला कळत नाही. ती पुढे दुसरी एखादी फाइल उघडते आणि सिस्टीम तिला मोकळा झालेला तोच क्रमांक देऊ शकते. मग प्रोसेसचा जुना भाग, आपण जुन्याच फाइलमध्ये लिहितो आहोत या समजुतीत, नव्या फाइलमध्ये लिहितो. दोन्ही फाइलींची वाट लागते आणि हे त्या क्षणी दिसतसुद्धा नाही. वाचण्यासाठी म्हणून केलेल्या खटपटीत दुसऱ्याचा डेटा बिघडवणं हा सौदा कधीच परवडत नाही. प्रोग्राम नीट बंद करा. अगदीच अडला असेल तर प्रोसेस संपवा. तीही वाईटच वाट, पण तिचे परिणाम निदान लगेच दिसतात.

एक्सेलमध्ये उघडी असलेली फाइल दुसऱ्या प्रोग्राममधून वाचता येते का?

बहुधा येते. एक्सेल फाइल लिहिण्यासाठी उघडून ठेवतं, पण इतरांना वाचू देतं. म्हणून वर सांगितलेला ‘फाइलशेअर.रीडराइट’ इथे लागू पडतो. एक्सप्लोररमधून तिची प्रतही काढता येते. त्या फाइलवर लिहायला गेलात तर मात्र अडणारच.

तुम्हाला मिळतं ते शेवटचं जतन केलेलं रूप. पडद्यावर कुणी आत्ताच बदललेला आकडा त्यात नसतो. शिवाय एक्सेल जतन करताना जुन्या फाइलवर थेट लिहीत नाही. आधी तात्पुरती फाइल तयार करतं आणि मग ती जुन्या नावाने जागेवर बसवतं. त्या क्षणभरात तुम्ही वाचायला गेलात तर ‘फाइल सापडली नाही’ असंही उत्तर येऊ शकतं. घाबरू नका, पुन्हा प्रयत्न करा. त्याच फोल्डरमध्ये टिल्ड आणि डॉलर चिन्हाने सुरू होणारी छोटी लपलेली फाइल दिसेल. फाइल कुणी उघडली आहे त्याची नोंद तिच्यात असते. सगळ्या एक्सेल फाइली गोळा करणारा प्रोग्राम लिहिताना तिला वगळायला विसरू नका, नाहीतर ‘फाइलचा प्रकार चुकीचा’ म्हणून प्रोग्राम तिथेच आपटतो.

आधी प्रत काढून मग वाचली तर?

लॉक चुकवण्याचा उपाय म्हणून पाहत असाल तर उपयोग नाही. प्रत काढायलाही मूळ फाइल वाचावीच लागते आणि वाचताना तेच नियम लागतात. प्रत निघत असेल तर थेट वाचणंही शक्य होतं, फक्त शेअर मोड नीट द्यायचा राहिला होता.

प्रत काढण्याचा फायदा वेगळा आहे. मोठी फाइल सावकाश वाचण्याऐवजी चटकन प्रत घेऊन मोकळं झालं की मूळ प्रोग्रामला तुमचा त्रास कमी होतो. पण प्रत निघत असतानाही समोरचा लिहीत असेल तर पहिला अर्धा भाग जुना आणि उरलेला नवा असं मिश्रण हाती येतं. मजकुराच्या लॉगला त्याने फरक पडत नाही. डेटाबेसला पडतो, आणि फार पडतो.

समोरच्याने एकही परवानगी दिलेली नाही. मग काहीच मार्ग नाही का?

आहे. विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ पासून व्हॉल्यूम शॅडो कॉपी (व्हीएसएस) नावाची सेवा आहे. ती संपूर्ण ड्राइव्हचं त्या क्षणाचं गोठवलेलं चित्र तयार करते. त्या चित्रातली फाइल कुणीच उघडलेली नसते, त्यामुळे निवांत वाचता येते. चालू मशीनचा बॅकअप घेणारी बहुतेक साधनं हेच करतात.

एकाच फाइलसाठी हे करायचं असेल तर विंडोज १० पासून ‘ईएसईएनटीयूटीआयएल’ या कमांडला कॉपीच्या पर्यायासोबत ‘व्हीएसएस’ पर्याय देता येतो. ती शॅडो कॉपीतून फाइल काढून देते. ॲडमिन अधिकार हवेत. ‘व्हीएसएसॲडमिन’ने नवी शॅडो कॉपी तयार करणं सर्व्हर आवृत्त्यांवरच चालतं. सर्व्हर नसलेल्या साध्या आवृत्त्यांवर ती कमांड असलेल्या प्रतींची यादी दाखवते आणि त्या पुसते, नवी करत नाही. लोक यावर बराच वेळ घालवतात. शॅडो कॉपीकडे ‘एमकेलिंक’ने दुवा करणार असाल तर मार्गाच्या शेवटी उलटी तिरकी रेघ द्यायला विसरू नका. तिच्याशिवाय दुवा तयार होतो पण उघडत नाही.

गोठवलेलं चित्र म्हणजे नीटनेटकं चित्र असं समजू नका. एसक्यूएल सर्व्हरसारखे काही प्रोग्राम या सेवेशी बोलतात. चित्र घेण्याआधी ते आपला पसारा आवरून डिस्कवर लिहितात. जे प्रोग्राम बोलत नाहीत त्यांच्या फाइली अचानक वीज गेल्यावर डिस्कवर जशा असतील तशा मिळतात. अर्धवट काम डिस्कवर, उरलेलं मेमरीत.

आउटलुकची पीएसटी, रजिस्ट्रीच्या फाइली, पेजफाइल?

पीएसटी म्हणजे आउटलुकची मेल साठवणारी फाइल. तिच्यासाठी आउटलुक बंद करा, हाच सोपा उपाय. रजिस्ट्रीसाठी ‘रेग सेव्ह’ ही कमांड आहे, रजिस्ट्री जिच्यात साठते त्या हाइव्ह फाइलला हात लावायची गरज नाही. पेजफाइल, म्हणजे विंडोज मेमरीतला मजकूर डिस्कवर जिथे ठेवतं ती फाइल, वाचण्याची गरज गुन्हेतपासाच्या कामाबाहेर सहसा पडत नाही. ती मंडळी थेट ड्राइव्ह उघडून एनटीएफएसची मुख्य सूची स्वतः वाचणारी साधनं वापरतात.

चालू लॉग फाइल वाचायची आहे. काय काळजी घ्यावी?

पॉवरशेलमध्ये नुसतं पाहायचं असेल तर ‘गेट-कंटेंट’ला ‘टेल’ आणि ‘वेट’ हे दोन पर्याय द्या. लिनक्सवर ‘टेल’चा मोठा एफ वापरा, छोटा नको. छोटा एफ उघडलेल्या फाइलला चिकटून राहतो. रात्री लॉग फिरवला गेला, म्हणजे जुन्याचं नाव बदलून नवी फाइल सुरू झाली, की तो जुन्याचकडे पाहत बसतो आणि तुम्हाला वाटतं सगळं शांत आहे. मोठा एफ नावावर लक्ष ठेवतो.

स्वतः वाचक लिहिणार असाल तर तीन गोष्टी.

शेवटची ओळ अर्धी असू शकते. ओळ संपल्याची खूण दिसेपर्यंत ती बाजूला ठेवा, पुढच्या वाचनात जोडून घ्या. देवनागरी मजकुराला याची झळ जास्त लागते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं, आणि तुम्ही ठरावीक आकाराचे तुकडे वाचत असाल तर तुकड्याची कड चिन्हाच्या मध्ये पडण्याची शक्यता इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक. मग लॉगमध्ये मध्येच काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं दिसू लागतात आणि लोक फॉन्ट बदलत बसतात. बाइट साठवा, पूर्ण ओळ झाल्यावरच अक्षरांत उलगडा.

दुसरी गोष्ट, आपण कुठवर वाचलं त्याचा बाइट क्रमांक जपून ठेवा आणि दर वेळी फाइलची लांबी पाहा. लांबी त्या क्रमांकापेक्षा कमी झाली असेल तर फाइल रिकामी केली गेली आहे किंवा बदलली आहे. शून्यापासून सुरुवात करा.

तिसरी गोष्ट म्हणजे पुसण्याची मुभा. तुम्ही फाइल उघडी ठेवून बसलात आणि शेअर मोडमध्ये ‘डिलीट’ दिलेलं नसेल, तर विंडोजवर तुम्ही वाचत असेपर्यंत लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रामला त्या फाइलचं नाव बदलता येत नाही. लॉग फिरवणं अडतं. म्हणजे तुमच्या निरुपद्रवी वाचकाने मूळ प्रोग्रामच अडवला. पायथनच्या ‘ओपन’मध्ये ही मुभा नसते, म्हणून पायथनमध्ये फाइल सतत उघडी ठेवण्याऐवजी उघडा, नवा भाग वाचा, बंद करा.

माझाच प्रोग्राम लॉग लिहितो. इतरांना वाचता यावा म्हणून काय करू?

उघडताना निदान ‘इतरांना वाचू दे’ द्या. तयार लायब्ररी वापरत असाल तर तिचा पर्याय शोधा. लॉगफोरनेटमध्ये ‘मिनिमल लॉक’ आहे, तो प्रत्येक नोंदीपुरती फाइल उघडून बंद करतो. सेरिलॉगच्या फाइल सिंकमध्ये ‘शेअर्ड’ आहे. दोन्हींमुळे लिहिण्याचा वेग थोडा उतरतो. नुसतं वाचू द्यायचं असेल तर या दोन्हींची गरजही नसते, वाचणाऱ्याने योग्य शेअर मोड दिला की पुरतं.

डेटाबेसची फाइल थेट वाचता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या पुष्कळदा येते. तिथेच धोका आहे.

एसक्यूलाइट घ्या, एकाच फाइलमध्ये राहणारा छोटा डेटाबेस. विंडोजवरचे बाइटांचे लॉक सक्तीचे असतात, लॉक केलेला भाग दुसऱ्याला वाचताच येत नाही. म्हणून एसक्यूलाइट आपले लॉक खऱ्या डेटावर लावत नाही. फाइलच्या सुरुवातीपासून १ गिगाबाइट अंतरावरचे काही बाइट त्याने केवळ त्यासाठी राखून ठेवले आहेत आणि तिथे डेटा कधीच ठेवला जात नाही. फाइल तेवढी मोठी नसली तरी चालतं, कारण नसलेल्या बाइटांवरही लॉक लावता येतो. चतुर युक्ती आहे. पण तिचा परिणाम असा की एसक्यूलाइट लिहीत असतानाही तुम्ही फाइलची प्रत बिनदिक्कत काढू शकता, कुणी अडवत नाही, आणि प्रत फाटकी निघू शकते.

२०१० च्या ३.७.० आवृत्तीपासून एसक्यूलाइटमध्ये डब्ल्यूएएल पद्धत आहे. तीत नवे बदल मुख्य फाइलमध्ये लगेच जात नाहीत, शेजारच्या ‘-डब्ल्यूएएल’ फाइलमध्ये साठतात. मुख्य फाइल एकटीच उचलली तर ताजा डेटा मागेच राहतो. ब्राउझरची हिस्टरी फाइल उचलून ‘आजच्या नोंदी का दिसत नाहीत’ असं विचारणाऱ्यांनी आधी शेजारची फाइल पाहावी.

योग्य वाट म्हणजे डेटाबेसलाच प्रत मागणं. एसक्यूलाइटच्या कमांड लाइनवर ‘.बॅकअप’ आहे. २०१९ च्या ३.२७.० आवृत्तीपासून ‘व्हॅक्यूम इंटू’ आहे. दोन्ही डेटाबेस चालू असताना सुसंगत प्रत देतात. ‘डेटाबेस इज लॉक्ड’ असा संदेश येत असेल तर आधी ‘बिझी टाइमआउट’ वाढवून पाहा. तो काही न सांगता शून्य असतो, म्हणजे एसक्यूलाइट थांबतच नाही, लगेच हात वर करतं.

एसक्यूएल सर्व्हर आपली डेटा असलेली एमडीएफ फाइल घट्ट धरून असतो. तिच्या मागे लागू नका. ‘कॉपी ओन्ली’ पर्यायासह बॅकअप घ्या, म्हणजे नेहमीच्या बॅकअपची साखळीही मोडत नाही. मायएसक्यूएलसाठी ‘मायएसक्यूएलडंप’ला ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ द्या, पोस्टग्रेससाठी ‘पीजी_डंप’. पोस्टग्रेसच्या फाइली वाचताना लिनक्सवर कोणताही लॉक अडवत नाही म्हणून त्यांची सरळ प्रत काढणारे लोक आहेत. ती प्रत परत चालू करायची वेळ येईपर्यंत ते समाधानी असतात.

लिनक्सवर असा एरर कधी येत नाही. तिथे लॉक नसतात का?

असतात, पण सल्ल्यापुरते. ‘फ्लॉक’ किंवा ‘एफसीएनटीएल’ने लावलेला लॉक पाळायचा की नाही हे दुसऱ्या प्रोग्रामवर असतं. त्याने विचारलंच नाही तर तो खुशाल वाचतो, लिहितो. पूर्वी सक्तीच्या लॉकची एक सोय लिनक्समध्ये होती. ड्राइव्ह खास पर्यायाने जोडावी लागे आणि फाइलच्या परवानग्यांमध्ये एक विचित्र जुळणी करावी लागे. ती कुणी फारशी वापरत नव्हतं आणि ती भरवशाचीही नव्हती. २०२१ च्या ५.१५ कर्नलमधून ती काढून टाकली.

म्हणून लिनक्सवरचा प्रश्न उलटा आहे. वाचता नेहमीच येतं, पण वाचलेलं पूर्ण आहे का याची खात्री तुम्हीच करायची. लिहिणारा ‘फ्लॉक’ वापरत असेल तर तुम्हीही वाचण्याआधी सामायिक लॉक मागा. एकाने ‘फ्लॉक’ आणि दुसऱ्याने ‘एफसीएनटीएल’ वापरलं तर लिनक्सवरच्या स्थानिक फाइलींवर दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो.

‘एफसीएनटीएल’चा एक कुप्रसिद्ध नियम: एका प्रोसेसने तीच फाइल दोनदा उघडली आणि त्यातली एक बंद केली, की त्या फाइलवरचे त्या प्रोसेसचे सगळे लॉक सुटतात. तुमच्या प्रोग्राममधल्या एखाद्या लायब्ररीने फाइलवर ओझरती नजर टाकून ती बंद केली तरी तुमचा लॉक गेला, आणि कुणी कळवतही नाही. यावर उतारा म्हणून २०१४ च्या ३.१५ कर्नलमध्ये उघडलेल्या फाइलशी बांधलेले नवे लॉक आले.

लिनक्सचा एक फायदाही सांगतो. कुणी उघडी फाइल पुसली तरी ती धरून बसलेली प्रोसेस चालू असेपर्यंत मजकूर जिवंत असतो. ‘प्रॉक’ फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली ‘एफडी’ पाहा, तिथून तो परत मिळवता येतो.

फोल्डरवर लक्ष ठेवून नवी फाइल आली की वाचायची आहे. पण ती अर्धीच असते.

कारण ‘फाइल आली’ ही खबर ती तयार झाल्याक्षणी येते, भरून झाल्यावर नाही. डॉटनेटचा ‘फाइलसिस्टमवॉचर’ असाच वागतो. फाइलींमधले बदल कळवणाऱ्या लिनक्सच्या आयनोटिफायमध्ये ‘लिहून बंद केली’ अशी वेगळी खबर मिळते, ती वापरा.

विंडोजवर अनेकजण फाइल ‘फाइलशेअर.नन’ने उघडून पाहतात. उघडली म्हणजे लिहिणारा गेला. चालतं, पण लिहिणाऱ्याने मध्येच फाइल बंद करून पुन्हा उघडली तर फसवतं. आकार काही सेकंद बदलला नाही म्हणजे फाइल पूर्ण, हा आडाखा तर नेटवर्क मंदावलं की हमखास कोलमडतो.

लिहिणारा प्रोग्राम तुमच्या हातात असेल तर हे काहीच करू नका. त्याला तात्पुरत्या नावाने लिहायला सांगा आणि पूर्ण झाल्यावर त्याच ड्राइव्हवर खरं नाव द्यायला सांगा. नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे खऱ्या नावाची फाइल दिसली म्हणजे ती पूर्णच असते. पायथनमध्ये यासाठी ‘ओएस.रिप्लेस’ आहे.

परत प्रयत्न करायचा तर किती वेळ?

अँटिव्हायरस किंवा शोधसूचीने धरली असेल तर एखाद-दोन सेकंदांत सुटते. सुरुवातीला शंभर मिलिसेकंद थांबा, दर वेळी वेळ दुप्पट करा, दहा-पंधरा सेकंदांनंतर सोडून द्या आणि कुणी धरली आहे ते वापरकर्त्याला सांगा. अनंतकाळ फिरणारा लूप लिहू नका.

फाइल नेटवर्कवरच्या शेअरमध्ये आहे आणि कोण वापरतंय ते माझ्या मशीनवर दिसत नाही.

दिसणारही नाही, ती माहिती सर्व्हरकडे असते. विंडोज सर्व्हरवर ‘गेट-एसएमबीओपनफाइल’ चालवा किंवा कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’खाली ‘ओपन फाइल्स’ पाहा. सर्व्हर लिनक्सवरचा सांबा असेल तर ‘एसएमबीस्टेटस’. एखाद्याचा लॅपटॉप झोपी गेला किंवा वायफाय तुटलं तर सर्व्हरला ते कळेपर्यंत फाइल त्याच्याच नावावर राहते. तो माणूस खरोखर गेला आहे याची खात्री करूनच सर्व्हरवरून ‘क्लोज-एसएमबीओपनफाइल’ करा. त्याने काही जतन करायचं ठेवलं असेल तर ते जाईल.

प्रोग्राम बंद केला, तरी फाइल सुटत नाही.

खिडकी गेली म्हणजे प्रोसेस गेली असं नाही. टास्क मॅनेजरमध्ये पाहा. स्क्रिप्टमधून एक्सेल चालवणाऱ्यांकडे मागे राहिलेल्या न दिसणाऱ्या एक्सेल प्रोसेस फार सापडतात. प्रोसेसही नसेल तर तिने सुरू केलेली दुसरी प्रोसेस शोधा. हँडल वारशाने पुढे जाऊ शकतं, मग आई गेली तरी मूल फाइल धरून असतं. प्रोसेस खरोखर संपली की विंडोज तिची सगळी हँडल स्वतःच बंद करतं, त्यामुळे ‘कुणीही नाही पण फाइल अडकली’ अशी स्थिती आली तर धरणारा बहुधा ड्रायव्हर असतो किंवा नेटवर्कवरून आलेला कुणी. पहिल्यासाठी मशीन पुन्हा सुरू करा, दुसऱ्यासाठी ‘ओपन फाइल्स’ची यादी पाहा.